मोडलेल्या व्यवहारानंतर घर परत विकायला कधी काढायचं?

ठरलेला व्यवहार मोडला की घरात चार दिवस सुतकासारखे जातात, आणि नेमकं त्या चार दिवसांतच माणसं पुढचा निर्णय घेऊन टाकतात. काहीजण रागाच्या भरात त्याच रात्री फेसबुकवर परत फोटो टाकतात, एजंटला फोन करून "मिळेल त्या भावात काढा" म्हणून सांगून मोकळे होतात. काहीजण उलट, "आता नकोच ते, दिवाळीनंतर बघू" म्हणत गप्प बसतात आणि बघता बघता वर्ष जातंय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, आपल्या ह्या सगळ्या पट्ट्यात दोन्ही प्रकार बघायला मिळतात आणि दोन्हींत नुकसान विकणाऱ्याचंच होतंय.

माझं म्हणणं सरळ आहे. मागचा व्यवहार कागदावर पूर्ण संपला का, आणि ज्या कारणाने तो मोडला ते कारण निस्तरलं का, ह्या दोन प्रश्नांवर परत कधी काढायचं ते ठरवा. दोन्हींचं उत्तर हो असेल तर उद्या काढा, पितृपक्ष असला तरी चालेल. एकाचं जरी उत्तर नाही असलं तर बाजार कितीही तेजीत असू दे, थांबा.

आधी मागचं मिटवा

व्यवहार कुठल्या टप्प्यावर मोडला ते बघा, कारण थांबायचं किती हे त्यावरच अवलंबून आहे.

नुसती बोलणी झाली होती, पैसा हातात आला नव्हता, तर थांबायचं काही कारणच नाही. समोरच्याला एक साधा मेसेज टाका, "आपलं जमलं नाही, आम्ही दुसरीकडं बघतोय", त्याचं "ठीक आहे" आलं की स्क्रीनशॉट ठेवा आणि त्याच दिवशी परत काढा.

टोकन म्हणून पंचवीस-पन्नास हजार घेतले होते, लिखापढी काही नव्हती, तर पैसे बँकेतूनच परत करा. ज्या खात्यावरनं आले त्याच खात्यावर. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याच्यावर रोख घेणं इन्कम टॅक्सच्या नियमात बसत नाही आणि रोखीनं परत करणंही बसत नाही, २०१५ पासून हा नियम आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच होऊ शकतो. परत केल्यावर "टोकन पूर्ण मिळालं, आता काही येणं नाही" एवढं एक वाक्य त्याच्या सहीनं किंवा निदान त्याच्या नंबरवरनं लिहून घ्या. हे झालं की दुसऱ्या दिवशी काढायला हरकत नाही.

खरी अडचण संचकार पत्र, म्हणजे इसार देऊन केलेला खरेदीचा करार, झाल्यावर येते. आपल्याकडं बरेच करार बॉन्डवर (स्टॅम्प पेपरवर) नोटरी करून होतात, रजिस्टर होत नाहीत, आणि मग व्यवहार मोडल्यावर लोकांना वाटतंय की रजिस्टर नाही म्हणजे त्याला काय किंमत. किंमत आहे. करार रजिस्टर नसला तरी "ठरल्याप्रमाणे मला घर लिहून द्या" असा दावा घेणारा दाखल करू शकतो आणि त्या दाव्यात तोच कागद पुरावा म्हणून चालतो. दावा घालायला त्याला तीन वर्षं मिळतात, करारात जी तारीख लिहिली असेल तिथनं, आणि तारीखच लिहिली नसेल तर तुम्ही नकार दिल्याचं त्याला कळलं तिथनं. त्यात २०१८ साली कायद्यात बदल झाला आणि असे करार पूर्ण करून द्यायला लावणं कोर्टाला पूर्वीपेक्षा सोपं झालं. म्हणजे आज रागानं "जा, काय करायचं ते कर" म्हणून दुसऱ्याला घर लिहून दिलं आणि पहिल्यानं वर्षानं दावा घातला तर तुम्ही, नवीन घेणारा आणि त्याची बँक, सगळेच कोर्टात.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवा, नोटरी केलेला करार ईसी मध्ये, म्हणजे मिळकतीवरचे रजिस्टर झालेले व्यवहार दाखवणाऱ्या दाखल्यात, दिसत नाही. ईसी कोरी आली म्हणून तुम्ही मोकळे झालात असं समजू नका, कागद त्याच्या कपाटात आहे.

म्हणून दोघांच्या सहीचं करार रद्दपत्र करा. त्यात मूळ कराराची तारीख, घराचा सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर किंवा पंचायतीचा खाते नंबर, किती रक्कम घेतली होती, किती कशानं परत दिली, आणि "ह्यापुढं ह्या मिळकतीवर माझा कसलाही हक्क नाही" हे स्पष्ट लिहा. मूळ करार परत घ्या आणि त्यावर आडवी रेघ मारून "रद्द" लिहून दोघांनी सही करा. मूळ करार रजिस्टर असेल तर रद्दपत्रही सब-रजिस्ट्रार ऑफिसात रजिस्टरच व्हायला पाहिजे, नाहीतर पुढच्याच्या बँकेचा वकील ईसी मधली ती एक ओळ दाखवून फाईल परत पाठवतो. असं रजिस्टर रद्दपत्र झाल्यावर कावेरी ह्या कर्नाटकाच्या नोंदणी पोर्टलवरनं नवीन ईसी काढा, दोन्ही नोंदी, कराराची आणि रद्द केल्याची, एकाखाली एक दिसतात का बघा, आणि मगच जाहिरात टाका. ह्याला साधारण दोन-तीन आठवडे जातात, ते गेलेले परवडतात.

आपल्याकडं अजून एक अडचण असतीय, कागद कन्नडमध्ये असतात आणि सही करणाऱ्याला बोलता आलं तरी कायद्याची कन्नड वाचता येत नाही. रद्दपत्र दुसऱ्याकडनं एकदा मराठीत वाचून घ्या, लिहून देणाऱ्या बॉन्ड रायटरकडनं नव्हे, तिऱ्हाईत माणसाकडनं. रक्कम, तारीख आणि "पूर्ण परत मिळाली" हे शब्द तरी डोळ्यांखालनं जाऊ देत.

घेणारा सहीच देत नसेल तर

फोन उचलत नाही, पैसेही घेत नाही, करार सोडतही नाही, अशी माणसं भेटतात. इथं तोंडी भांडून उपयोग नाही. वकिलाकडनं स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा, त्यात ठराविक दिवसांची मुदत द्या की ह्या तारखेपर्यंत उरलेली रक्कम घेऊन रजिस्ट्रीला या, नाहीतर करार रद्द समजू आणि रक्कम करारातल्या अटीप्रमाणे परत करू. जमिनी-घराच्या व्यवहारात तारीख उलटली म्हणजे करार आपोआप संपला असं कोर्ट सहसा धरत नाही, म्हणून ही नोटीस लागतीच. दरम्यान त्याचे सगळे मेसेज जपून ठेवा. "लोन रिजेक्ट झालं", "दोन महिने थांबा", "भाऊ पैसे देत नाही", असला एकेक मेसेज पुढं सोन्याच्या भावाचा ठरतो, कारण दावा घालणाऱ्याला आपण पूर्ण तयार होतो हे सिद्ध करावं लागतंय आणि हे मेसेज त्याच्या उलट बोलतात.

ह्या काळात दुसऱ्या कुणाकडनं एक रुपयाही टोकन घेऊ नका. घर दाखवायला हरकत नाही, पण खरं काय ते सांगून दाखवा. आणि दावा दाखलच झाला असेल तर निकाल किंवा तडजोड होईपर्यंत परत काढायचा विचार सोडा. दावा चालू असताना घेणाऱ्यालाही तो निकाल बांधील राहतो, आणि कर्ज काढून घेणारा माणूस तर तिथं फिरकणारच नाही.

संचकाराचे पैसे ठेवून घ्यायचे का

करारात "घेणाऱ्यानं माघार घेतली तर संचकार जप्त" असं लिहिलेलं असतंय, आणि माघार घेतल्यावर विकणाऱ्याला वाटतंय की पैसे आपलेच. छोटी रक्कम असेल आणि ती संचकार म्हणूनच दिली असं लिहिलं असेल तर ठेवता येते. पण पन्नास लाखांच्या घरात दहा-बारा लाख आधीच घेतले असतील तर ती रक्कम संचकार नसून किमतीतला हप्ता आहे असं घेणारा म्हणणार, आणि कोर्ट खरं नुकसान किती झालं ते विचारणार. शिवाय चूक त्याची नसेल तर दिलेल्या पैशापुरता त्याचा बोजा तुमच्या घरावर राहतो. आणि ठेवून घेतलेली रक्कम त्या वर्षाचं उत्पन्न म्हणून धरली जाते, त्यावर तुमच्या स्लॅबनं टॅक्स भरावा लागतो.

माझं मत विचाराल तर, तुमचा जो खरा खर्च झाला, वकील, बॉन्ड, एजंट, गेलेले महिने, तेवढं कापून बाकीचं परत करा आणि बदल्यात रद्दपत्रावर लगेच सही घ्या. दोन लाखांसाठी घर तीन वर्षं अडकवून ठेवणं कुठल्याच हिशोबात बसत नाही. किंमत पन्नास लाख किंवा वर असल्यामुळं घेणाऱ्यानं हप्त्यावर एक टक्का टीडीएस कापून भरला असेल तर तेही रद्दपत्र करताना बोलून घ्या, तो पैसा तुमच्या पॅनवर दिसत असतोय आणि नंतर दोघांनाही त्रास होतो.

आता, का मोडला ते शोधा

हे काम लोक टाळतात. "त्याची नियत नव्हती" म्हटलं की विषय संपतो, मनालाही बरं वाटतंय. पण नियत सोडून बाकीची चार कारणं तपासा: घेणाऱ्याचे पैसे, बँकेनं लावलेली किंमत, तुमचे कागद, आणि घराची अवस्था. एजंटला विचारा, जमलं तर मोडलेल्या घेणाऱ्यालाच शांतपणे विचारा. पैसे परत दिलेला माणूस बहुतेक वेळा खरं सांगतो.

घेणाऱ्याचे पैसे कमी पडले असतील तर तुमच्या घरात काही खोट नाही, रद्दपत्र झालं की लगेच काढा, किंमत तीच ठेवा. हे किती वेळा होतंय ते एका हिशोबानं बघा. साठ लाखांच्या घराला बँक साधारण ऐंशी टक्के, म्हणजे अठ्ठेचाळीस लाख देते, तेही तिचं व्हॅल्युएशन साठ आलं तर. बारा लाख घरचे. त्यात कर्नाटकातली स्टॅम्प ड्युटी पाच टक्के, त्यावरचा सेस आणि शहरातला सरचार्ज धरून ५.६ टक्के, आणि रजिस्ट्रेशन फी जी ३१ ऑगस्ट २०२५ पासून एक टक्क्याची दोन टक्के झाली. म्हणजे ७.६ टक्के, साडेचार लाखांच्या वर, आणि ह्याला बँक कर्ज धरत नाही. माणसाकडं साडेसोळा लाख रोकडे पाहिजेत आणि तो बारा लाखांच्याच तयारीनं आलेला असतो. शेवटच्या महिन्यात हा फरक कळतो आणि व्यवहार मोडतो.

बँकेनं किंमत कमी लावली असेल तर विचार करावा लागेल. घेणाऱ्याकडनं आकडा विचारून घ्या. एका बँकेनं कमी लावली तर ती त्या बँकेची सवय असू शकते, पण दोन वेगवेगळ्या बँकांचा आकडा सारखाच खाली आला तर तुमची किंमत वर आहे. इथं शेजारच्या खरेदीपत्रावरची रक्कम बघून भाव ठरवू नका, कारण बरीच खरेदीपत्रं सरकारी दराच्या आसपास लिहिलेली असतात आणि खरा भाव वेगळा असतो. आणि किंमतीतला मोठा भाग रोखीत मागत असाल तर कर्ज काढणारा घेणारा तुमच्याकडनं परत परत मोडणारच, कारण बँक कागदावरच्या रकमेवर कर्ज देते, तोंडी ठरलेल्या रकमेवर नाही.

कागदांमुळं मोडला असेल तर काढूच नका, आधी कागद करा. ह्याच्यावर माझा सगळ्यात जास्त जोर आहे. अनगोळमधल्या नात्यातल्या एका काकांचं घर असंच मोडलं. ई-खाते (महापालिकेचा मिळकतीचा उतारा) काकांच्या नावावर, घरपट्टी, हेस्कॉमचं लाईट बिल सगळं काकांच्या नावावर, पण सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव. बँकेच्या वकिलानं वारस विचारले आणि दोन आत्या निघाल्या, एक गडहिंग्लजला, एक इचलकरंजीला. आजोबा मृत्युपत्र न करता गेलेले. अशा वेळी मुलींचा वाटा मुलाएवढाच असतो, आणि वडिलोपार्जित मिळकतीत तर कर्नाटकानं १९९४ सालीच, तेव्हा लग्न न झालेल्या मुलींना हक्क दिलाय, केंद्राचा कायदा २००५ चा. काकांना सगळ्यांनी सांगितलं होतं की दुसरा घेणारा बघा, रोखीनं घेणारा, तो इतकं विचारत नाही. काकांनी ऐकलं नाही. गौरी-गणपतीला आत्या माहेरी आल्या तेव्हा बसून बोलले, त्यांचं जे काय द्यायचं ते ठरवलं, आणि सुट्टी संपल्यावर दोघींना सोबत घेऊन हक्कसोड पत्र रजिस्टर केलं. मग वारसा लावून उतारा नावावर करून घेतला. त्यानंतर घर काढलं आणि नवीन घेणाऱ्याच्या बँकेनं कागदावर एकही प्रश्न काढला नाही.

नावाच्या स्पेलिंगचा त्रास तर आपल्या भागात घरोघरी आहे. आधारवर चौगुले, ई-खात्यावर चौगला, खरेदीपत्रावर चौगले. मराठी आडनाव कन्नडमध्ये गेलं आणि तिथनं इंग्रजीत उतरलं की असं होतंय. खाते दुरुस्त होत असेल तर करून घ्या, नाहीतर तिन्ही नावं एकाच माणसाची असं ॲफिडेव्हिट करून फाईलला लावा. गावठाणातलं किंवा पंचायतीच्या हद्दीतलं घर, कंग्राळी, येळ्ळूर, हिंडलगा बाजूचं असेल तर ई-स्वत्तूचा (पंचायतीच्या मिळकतीचा ऑनलाइन) उतारा निघतो का आणि त्यातलं माप जागेवरच्या मापाशी जुळतंय का हे आधी तपासा, माप चुकीचं निघालं तर दुरुस्तीला महिनेच्या महिने जातात.

राहिली घराची अवस्था. ओल, गळती, ड्रेनेज. घेणाऱ्यानं पावसाळ्यात भिंत बघितली आणि माघार घेतली असेल तर नुसता रंग मारून झाकू नका, पुढच्या पावसात नाही तर बँकेच्या इंजिनिअरला दिसणारच. शहापूर-वडगावच्या जुन्या गल्ल्यांतल्या कौलारू घरांत कौलं फिरवून, वासे बघून, स्लॅबचं घर असेल तर वॉटरप्रूफिंग करून मगच काढा.

मुहूर्त आणि हंगाम

आपल्या बेळगावचा पाऊस बघता जून ते सप्टेंबर घर चांगलं दिसत नाही, हे खरं आहे. भिंतींना हिरवट पडतंय, आत कोंदट वास. कागद तयार असतील आणि काम बाकी असेल तर हे महिने कामाला वापरा आणि फोटो मात्र ऊन पडल्यावर काढा. पण घर कोरडं असेल तर पावसाळ्यातच दाखवा, "हे बघा, भर पावसात भिंत" ह्याच्याएवढी दुसरी जाहिरात नाही.

पितृपक्षात लोक टोकन देत नाहीत, पण बघायला येतात, आणि मग दसऱ्याला देतात. म्हणून दसऱ्याच्या आधी तीन आठवडे काढा, दसऱ्यादिवशी नको. गणपती आणि मे महिना ह्या दोन वेळा मी सगळ्यात चांगल्या मानतो, कारण पुण्या-मुंबईला, गोव्याला नोकरीला असलेली माणसं घरी आलेली असतात आणि घरातल्या सगळ्यांनी एकदम बघून तिथंच निर्णय होतो. मार्च आलाच असेल तर एकदा सीएला विचारा, रजिस्ट्री मार्चमध्ये झाली की एप्रिलमध्ये, ह्यानं नफ्यावरचा टॅक्स कुठल्या वर्षात पडतो ते बदलतं.

तुम्ही ह्या घराच्या भरवशावर दुसरं घर ठरवलं असेल तर मात्र घाई अंगाशी येते. तिथल्या मालकाला आजच फोन करून मुदत वाढवून मागा, लेखी घ्या.

परत काढताना

जाहिरात टाकायच्या आधी मागच्या वेळी जे दोन-चार जण थोडक्यात मागं राहिले होते त्यांना फोन करा. "अण्णा, तुम्ही मागच्या वेळी बघून गेला होता, समोरच्याचं लोन झालं नाही, घर अजून आहे, कागद सगळे तयार आहेत, यायचं का?" एवढंच. बरेच व्यवहार इथंच होतात आणि घर परत बाजारात आल्याचं गल्लीला कळतसुद्धा नाही.

ते जमलं नाही तर जुनी जाहिरात काढून टाका आणि नवीन फोटोंसकट नवीन टाका. घर एकाच वेळी पाच एजंटांकडं वेगवेगळ्या भावानं फिरायला लागलं की घेणारा सगळ्यात खालचा भाव धरतो, म्हणून एक किंवा फार तर दोन एजंट ठेवा आणि दोघांना एकच किंमत सांगा. आणि पहिल्याच आठवड्यात किंमत उतरवू नका. मोडलेलं घर आणि उतरलेली किंमत एकदम दिसली की लोकांना वास येतो. सहा-आठ आठवडे बघणारे येतात पण कुणी बोलणीच करत नाही, असं झालं तर भावाचा विचार करा.

"मागचा व्यवहार का मोडला?" हा प्रश्न येणारच. गल्लीत तोवर "त्या घरात काहीतरी भानगड आहे", "वास्तू बरोबर नाही" इथपर्यंत गेलेलं असतंय. उत्तर एकच ठेवा, एका वाक्याचं, खरं, आणि घरातल्या सगळ्यांना आणि एजंटला तेच पाठ असू दे. "घेणाऱ्याचं कर्ज कमी मंजूर झालं, पैसे परत दिले, हे रद्दपत्र." बोलता बोलता कागद हातात द्या. वैनी एक सांगतात, दादा दुसरं आणि एजंट तिसरं, असं झालं की चांगला घेणाराही पाय मागं घेतो.

नवीन करार करताना मागचा अनुभव कागदात उतरवा. संचकार घ्यायच्या आधी घेणाऱ्याला बँकेचं मंजुरीपत्र आणि स्वतःचे पैसे, ड्युटीसकट, दाखवायला सांगा. मुदत साठ-नव्वद दिवसांची, आणि ती तारीख कराराचा मुख्य भाग आहे असं स्पष्ट लिहा. कर्ज नाही मिळालं तर किती दिवसांत किती परत, हे आकड्यात लिहा. करार मोडला तर घेणारा आठ दिवसांत रद्दपत्रावर सही देईल ही अट घाला, ही अट मागच्या वेळी असती तर किती त्रास वाचला असता हे तुम्हाला कळलंच असेल. मूळ कागद देऊ नका, झेरॉक्स द्या.

आणि किल्ली रजिस्ट्री होऊन पैसे खात्यावर दिसेपर्यंत आपल्याकडंच ठेवा. "रंगाला सुरुवात करतो", "सामान एका खोलीत ठेवतो", "मुहूर्त चांगला आहे, पूजा करून घेतो" म्हणून माणसं फार गोड बोलून मागतात. पूजा करायची असेल तर तुम्ही स्वतः हजर राहून दार उघडा आणि पूजा झाली की दार परत लावून घ्या, कारण एकदा आत शिरलेला माणूस आणि मोडलेला करार ही गाठ सोडवायला वर्षं जातात.